कायमचा अपात्र, चार महिन्यांपुरता अपात्र

रक्तदानाचा फॉर्म मी दोन देशांत भरला आणि दोन्हीकडून एकेकदा हात हलवत परत आलो. पुण्यात मी गे आहे म्हणून, बर्मिंगहॅममध्ये मी भारतातून आलो म्हणून. पहिल्या नकाराचा राग अजून पुरता गेलेला नाही, दुसऱ्याचा आलाच नाही. म्हटलं तर दोन्ही नियम एकाच जातीचे. समोरच्या माणसाला न ओळखता त्याचा गट बघायचा आणि त्यावरून ठरवायचं. मग एक डाचतो आणि दुसरा का डाचत नाही?

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांचं गावात ओळखीचं कुणी नसतं. त्यामुळे रात्री-अपरात्री ‘बी पॉझिटिव्ह कुणी आहे का’ म्हणून आमचं दार वाजायचं आणि बाबा शर्ट चढवून स्कूटर काढायचे. रक्तदानाच्या प्रमाणपत्रांची त्यांची एक फाइल आहे, लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवलेली. माझंही बी पॉझिटिव्ह. मला अठरा पूर्ण झाली तेव्हा आरटीओत नेण्याआधी बाबांनी मला रक्तपेढीत नेलं.

पुढे कॉलेजात एनएसएसच्या शिबिरांत देत राहिलो. तिथले फॉर्म चांगले आठवतात. आपल्या हातात येईपर्यंत कार्यकर्त्यांनी ‘नाही’च्या सगळ्या चौकटींतून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढलेली असायची. कावीळ नाही, मलेरिया नाही, फिट्स नाहीत, पुढचं सगळंच नाही. आपण फक्त सही ठोकायची. तेव्हा माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंही नव्हतं, त्यामुळे त्या रेघेने कुणाचं नुकसान झालं नाही. पण आपल्याकडे फॉर्म कसा भरला जातो हे तेव्हापासून माहीत आहे.

नंतर नोकरीसाठी पुण्यात आलो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध 377 कलमातून बाहेर काढले. 13 तारखेला गणपती बसले. ऑफिसात मी तोवर कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी त्या आठवड्यात पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. आमच्या घराजवळच्या मंडळाने दरवर्षीसारखं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मांडवाच्या एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला खाटा, मधे वजनकाटा, आणि स्पीकरवर ‘रक्तदात्यांनी सहकार्य करावे’. यंदाची भेटवस्तू टिफिन बॅग होती.

आधी वजन झालं. 45 किलो असेल तर 350 मिलिलिटर घेतात, 55 च्या वर असेल तर 450 घेता येतं. मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडला. ते मोरचुदाचं पाणी असतं, ठरावीक घनतेचं केलेलं. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगत राहिला तर कमी. माझा थेंब गोटीसारखा तळाला गेला. मंडळाचा कार्यकर्ता शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “दादा, एक नंबर!”

मग फॉर्म. या वेळी कुणी रेघ ओढलेली नव्हती, की त्या आठवड्यात छापलेलं जे हातात येईल ते मी वाचतच सुटलो होतो म्हणून, कोण जाणे, पण तो फॉर्म मी पूर्ण वाचला. मागच्या पानावर एक प्रतिज्ञापत्रासारखा परिच्छेद होता. पुढील व्यक्तींनी रक्तदान करू नये, मी यांपैकी नाही, अशी सही करायची. यादीत समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष होते, तृतीयपंथी होते, वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, नशेची इंजेक्शनं घेणारे आणि अनेक जोडीदार असणारे.

सही न करताच डॉक्टरांच्या टेबलाशी गेलो. डॉक्टर माझ्याहून लहान असावी. रक्तपेढीच्या गाडीबरोबर आली होती आणि सकाळपासून जेवली नसावी.

“सर, सही राहिली इथे.”

“वरचं वाचलं म्हणून राहिली,” मी म्हटलं. “यातला पहिला मी आहे.”

तिने आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे सोसायटीतले एक काका दंडाला पट्टा बांधून बसले होते आणि कान आमच्याकडेच होते. ती जरा पुढे वाकून म्हणाली, “मग नाही घेता येणार. यात कायमचं डिफर करावं लागतं.”

“मला एकच जोडीदार आहे, गेली काही वर्षं तोच. दोघांच्याही टेस्ट झाल्यात. निगेटिव्ह.”

“असेल ना सर. पण ते लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाहीये.”

इतकं नेमकं उत्तर मला नंतर कुठल्या वकिलाकडूनही मिळालं नाही. तिने माझा अपमान केला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. उलट मी उठताना तीच हळूच म्हणाली, “बाहेर कुणी विचारलं तर हिमोग्लोबिन कमी आलं म्हणा.” पण बाहेर तोच कार्यकर्ता उभा. “अहो, कमी कसं? माझ्यासमोर बुडाला की थेंब!” मग मी बीपीवर ढकललं. त्यांनी मला खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं, मॅनेजरला सांगून ऑफिसचा ताण कमी करा असा सल्ला दिला आणि नको नको म्हणत असताना टिफिन बॅगही हातात कोंबली.

घरी येऊन नियम शोधला. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद आणि नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, यांनी ऑक्टोबर 2017 मध्ये रक्तदात्यांच्या निवडीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातल्या 12 व्या आणि 51 व्या कलमांत ही यादी आहे. बाकीचं दस्तऐवज वाचलं तर माणूस खूश होईल इतकं तपशीलवार आहे. टॅटू काढला असेल तर 12 महिने थांबा. आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांनी 90 दिवस, बायकांनी 120 दिवस थांबा. गर्भारपण, दात काढणं, निरनिराळ्या लसी, सगळ्यांना आपापली मुदत आहे. आमच्या वाट्याला मात्र मुदत नाही. कधी, कोणाबरोबर, काय, निरोध वापरला का, तपासणी केली का, यातलं एकही विचारलेलं नाही. तृतीयपंथीयांच्या बाबतीत तर शरीरसंबंधांचाही उल्लेख नाही. ती व्यक्ती तृतीयपंथी आहे एवढंच पुरेसं आहे.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती पोकळ नाही.

रक्तदान हा माझा हक्क नाही. रक्त घेणाऱ्याचा मात्र सुरक्षित रक्तावर हक्क आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी चढवावी लागते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर त्याच्या आईबापांना पुन्हा नव्याने विश्वास ठेवावा लागतो. 2011 साली जुनागढमध्ये अशाच मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं होतं. हे वाचल्यावर ‘मला का नाही देऊ देत’ हा प्रश्न जरा लहान वाटायला लागतो.

दुसरी अडचण तपासणीची. एचआयव्हीची लागण झाल्यावर ती तपासणीत दिसायला काही काळ जातो, त्याला विंडो पिरिअड म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक रक्तपेढ्यांत एलायझा पद्धतीची चाचणी होते आणि तिला संसर्ग सापडायला काही आठवडे लागू शकतात. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी नॅट चाचणी हा काळ दहा-बारा दिवसांवर आणते. पण नॅट आपल्याकडे बंधनकारक नाही. ती महाग आहे, आणि सगळ्या रक्तपेढ्यांना परवडत नाही. मग चाचणी जिथे आंधळी, तिथे प्रश्नावलीने राखण करायची, असा सरकारचा हिशेब आहे. नॅकोच्या 2017 च्या पाहणीत प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण 0.22 टक्के होतं, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत 2.7 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहापटीहून जास्त. हा आकडा खोटा नाही.

पण तो आकडा कुणाचा, हेही बघावं लागतं. एचआयव्ही प्रतिबंधासाठी ज्या वस्त्यांत, ज्या ठिकाणी संस्था काम करतात, तिथे येणाऱ्या पुरुषांची ती पाहणी. कोथरूडमध्ये एका खोलीत राहणारे, भाजी कोण आणणार यावरून भांडणारे दोन पुरुष त्यात सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. आणि तरी तो आकडा धरला तर शंभरातल्या सत्त्याण्णवांना संसर्ग नाही. ते तिघे कोण, हे ज्या प्रश्नांनी हुडकता आलं असतं ते प्रश्नच विचारलेले नाहीत. दुसरीकडे, ‘अनेक जोडीदार’ हे कलम सगळ्यांना लागू असलं तरी मांडवात बायकोसोबत आलेला माणूस त्या ओळीवर बोट ठेवून ‘यात मी बसतो’ असं सांगेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा आमच्या मंडळात येऊन जावं. उभी रेघ त्याला वाचवते. नियमाच्या जाळ्यात सापडतो तो वाचणारा आणि खरं सांगणारा, म्हणजे नेमका तो, ज्याच्या उत्तरावर रक्तपेढीने भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

बाबांना मी गे असल्याचं त्यानंतर वर्षभराने सांगितलं. ते सगळं वेगळं प्रकरण, इथे नको. पण त्यात रक्तदानाचा विषय निघाला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पण तुझं बी पॉझिटिव्हच आहे ना?” मी म्हटलं, हो, ते बदललेलं नाही. पुढे त्यांची पासष्टी उलटली आणि त्यांचंही देणं बंद झालं. माझ्यापेक्षा ते जास्त हळहळले. वयाचा नियमही तसा गटाचाच. पासष्टीतल्या धडधाकट माणसाला तो विचारत नाही की बाबा रे, रोज किती चालतोस. पण त्या नियमाने बाबांना कुणापासून काही लपवावं लागलं नाही. “वय झालं आमचं, आता तुम्ही पोरांनी द्यायचं,” असं ते मोठ्या आवाजात सांगू शकतात.

2022 मध्ये कंपनीने बर्मिंगहॅमला पाठवलं. जोडीदारही तिकडे नोकरी शोधून आला. ब्रिटनमध्ये नियम कधीकाळी आपल्यासारखेच होते. एड्सची साथ पसरू लागली तेव्हा, ऐंशीच्या दशकात, पुरुषाशी एकदा जरी संबंध आला तरी जन्मभर बंदी होती. ती इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये 2011 ला उठली आणि तिच्या जागी 12 महिन्यांची अट आली. 2017 ला 3 महिने झाले. म्हणजे तीन महिने ब्रह्मचर्य पाळा आणि मग रक्त द्या. दहा वर्षं एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही तेच. मग रक्तसेवेतले डॉक्टर, संशोधक, रुग्णांच्या संघटना आणि समलिंगी व्यक्तींच्या संघटना अशा सगळ्यांना एकत्र बसवून एक अभ्यास झाला, फेअर या नावाचा. धोका नेमका कशाने वाढतो हे त्यांनी शोधलं आणि 14 जून 2021 पासून, म्हणजे जागतिक रक्तदाता दिनापासून, प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायला सुरुवात झाली. पुरुषाला ‘तू पुरुषाबरोबर झोपतोस का’ हा प्रश्न फॉर्ममधून गेला.

हे सगळं वाचून मी मोठ्या उत्साहाने मोबाइलवर नाव नोंदवलं, वेळ घेतली आणि शहराच्या मध्यभागातल्या रक्तदान केंद्रात जाऊन बसलो. नर्स साठीच्या आसपासची, माझा फॉर्म चाळत होती. जोडीदाराबद्दलचे प्रश्न मी धडधडत्या छातीने भरले होते. तिने ते पान कांद्याच्या पातीसारखं बाजूला सारलं आणि पुढच्या पानावर बोट ठेवलं.

“भारतातून कधी परत आलात?”

“दिवाळी करून. महिना झाला.”

“मग आज नाही घेता येणार.”

कारण मलेरिया. मलेरियाच्या देशात जाऊन आलेल्याने परत आल्यापासून चार महिने थांबायचं. शिवाय जो अशा देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेला आहे, त्याच्या रक्तात मलेरियाच्या अँटिबॉडी आहेत का ते वेगळं तपासायचं. मी तर तिथे जन्मापासून राहिलेलो. मला मलेरिया कधी झालेला नाही, मिरजेतही नाही. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बहुतेकांना झालेला नसतो. मग तिने कॅलेंडर पुढे ओढलं, महिने मोजले आणि कागदावर तारीख लिहून दिली. या दिवसानंतर या, त्या वेळी एक नळी जास्त घेऊ.

मी बाहेर पडलो आणि रस्त्यात हसायलाच लागलो. एवढी तयारी करून गेलो ती परीक्षा झालीच नाही, नापास भलत्याच विषयात झालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर समोरच्या टेबलावरचा यॉर्कशरचा गोरा सहकारी म्हणाला, “मलाही चार महिने.” तो नाताळात गोव्याला जाणार होता आणि आल्यावर त्यालाही हेच ऐकायला मिळणार होतं. म्हणजे नियम माझ्या पासपोर्टला नव्हता, डासाला होता.

त्याच नर्सची गोष्ट पुढच्या खेपेला कळली. तरुणपणी ती काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिली होती. ही स्वतः रक्तपेढीतली नर्स, आणि तिला तिथे रक्त देता येत नव्हतं, कारण ती ब्रिटिश. 1980 ते 1996 या काळात ब्रिटनमध्ये एकूण सहा महिने किंवा जास्त राहिलेल्यांचं रक्त ऑस्ट्रेलियात चालत नव्हतं. गाईंच्या मेंदूच्या रोगाचा, ‘मॅड काऊ’चा, गोमांसातून माणसांत उतरलेला प्रकार रक्तातून पसरू शकतो, आणि त्याच्यासाठी रक्तदात्यांवर वापरता येईल अशी चाचणी नव्हती. 2022 मध्ये ती बंदी उठली. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपली तशीच अट काढली. म्हणजे तब्बल एक देशच्या देश, त्याच्या राणीसकट, कित्येक वर्षं ‘धोक्याचा गट’ होता. “वाईट वाटायचं का?” मी विचारलं. ती म्हणाली, “छे. कंटाळा यायचा.”

फरक कुठे पडतो हे मला तिच्या त्या उत्तराने कळलं. ती ब्रिटिश आहे म्हणून तिच्याकडे आधीच कुणी वाकड्या नजरेने बघत नव्हतं. रक्तपेढीतून परतताना तिला खोटं कारण तयार ठेवावं लागत नव्हतं. तिचा नियम एका विशिष्ट काळाला, एका विशिष्ट अन्नाला बांधलेला होता, आणि पुरावा बदलला तेव्हा तो गेला. माझ्या मलेरियाच्या नियमाला तारीख होती आणि तारखेनंतर चाचणी होती. गट बघून थांबवायला माझी हरकत नाही. थांबवल्यावर बाहेर पडायला दार पाहिजे, आणि दारावर काय लिहिलंय ते चारचौघांत वाचता आलं पाहिजे.

चार महिने भरल्यावर गेलो. आधी मोठा पेला भरून सरबत प्यायला लावलं, ते प्यायल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मग एका छोट्या बंद खोलीत प्रश्न. नवीन पद्धतीतला कळीचा प्रश्न असा आहे: गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार किंवा एकाहून जास्त जोडीदार होते का, आणि असल्यास त्यांच्याशी गुदसंभोग झाला का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर तीन महिने थांबा. हा प्रश्न मला होता तसाच माझ्या आधी आत गेलेल्या, विणकामाची पिशवी घेऊन आलेल्या आजीबाईंनाही होता. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नसावी. मराठीत हा प्रश्न छापायची वेळ येईल तेव्हा समितीत तीन बैठका नुसत्या शब्दावर होतील हे मी आत्ताच सांगतो, पण छापायला मात्र हवा. एचआयव्हीचा धोका त्या कृतीत जास्त आहे, आणि ती कृती स्त्री-पुरुषही करतात.

माझी उत्तरं ‘नाही’ होती. मग बोट टोचलं, आणि काय आश्चर्य, इथेही तेच निळं पाणी! पुरुषांसाठी हद्द जरा वर, लिटरमागे 135 ग्रॅम, म्हणजे आपल्या मापात साडेतेरा. थेंब बुडाला. 470 मिलिलिटर घेतलं. पायाचे स्नायू आवळत राहा असं सांगतात, चक्कर येऊ नये म्हणून. मलेरियाची जादा नळी भरली. नंतर बिस्किटं, चिप्स आणि पुन्हा सरबत. टिफिन बॅग नाही. प्रमाणपत्रही नाही, ते मात्र बाबांना खटकलं. त्यांना मी पुढे आलेला मेसेज दाखवला. तुमचं रक्त अमुक रुग्णालयाला दिलं आहे, असं इथे कळवतात. त्यांनी मला तो प्रिंट काढून पाठवायला लावला आणि फाइलला लावला.

इथलंही सगळं गोड नाही. माझा एक मित्र रोज प्रेप घेतो, म्हणजे एचआयव्ही होऊच नये म्हणून घ्यायची गोळी. दर तीन महिन्यांनी क्लिनिकमध्ये जाऊन सगळ्या तपासण्या करतो. माझ्या ओळखीत आरोग्याच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस नाही. त्याला रक्त देता येत नाही, कारण गोळी घेतल्यापासून तीन महिने जायला हवेत. गोळीमुळे विषाणू इतका दबून राहू शकतो की चाचणीला तो उशिरा सापडेल, हे त्यामागचं शास्त्र आहे. मित्र चिडतो. म्हणतो, जो सावध त्यालाच शिक्षा. मला त्याचं पटतं आणि नियमाचंही पटतं, आणि यातून माझा मार्ग निघालेला नाही. एवढं खरं की त्या नियमात गोळीबद्दल विचारलं आहे. तीच गोळी घेणाऱ्या बाईलाही तोच नियम लागू आहे.

गेल्या वर्षी सुट्टीत पुण्यात आलो तेव्हा जुन्या मित्राच्या घरी एक प्रसंग चालू होता. त्याच्या काकांची बायपास ठरलेली, आणि रुग्णालयाने ‘चार डोनर आणा’ म्हणून सांगितलेलं. स्वेच्छेच्या रक्तदानावर सगळं भागावं असं धोरण कागदावर असलं तरी नातेवाइकांना हे सांगितलं जातंच. घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी चालू होती. तू येतोस, तू येतोस, आणि हा तर तिशीतला, रोज जिमला जाणारा, त्याचं नाव सगळ्यात वर. घरी त्याच्याबद्दल कुणाला काहीही माहीत नाही. दोन दिवस तो कारणं गोळा करत होता. कावीळ झाली होती म्हणावं तर आई म्हणणार, कधी? टॅटू म्हणावा तर दाखव. औषधं चालू आहेत म्हणावं तर कसली? शेवटी त्याने मला विचारलं, “यार, सरळ सही करून देऊन टाकू का? मी क्लीन आहे, तुला माहितीये.”

मी नको म्हटलं. ही सही खोटी करण्याची सवय लागली की उद्या खरोखर धोका असलेला माणूसही तिथेच सही करून मोकळा होतो, आणि पिशवी कुणाला चढणार हे आपल्याला दिसत नाही. पण हे सांगताना मला त्या डॉक्टर मुलीसारखंच वाटत होतं. नियम वाचून दाखवायचा, आणि समोरच्याची सुटका काही करता येत नाही. शेवटी त्याने डोनर जमवायची जबाबदारी स्वतःवर घेतली. ऑफिसातले चौघे उभे केले, गाडीतून नेले-आणले, सगळ्यांना नाश्ता दिला. काकांचं ऑपरेशन नीट झालं. घरात त्याचं कौतुक झालं, आणि त्याच्या आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं की याने स्वतः का नाही हो दिलं, काही आजार तर नाही ना? नियमाने एक पिशवी वाचवली असेल, पण एक संशय घरात सोडला.

सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण 2021 पासून आहे. मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी 2017 च्या तत्त्वांतल्या याच दोन कलमांना आव्हान दिलं, पुढे आणखी याचिका आल्या. 2023 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की हे गट धोक्याचे असल्याचा पुरावा आहे आणि हा विषय तज्ज्ञांवर सोडावा. मे 2025 मध्ये न्यायालयाने विचारलं की सगळ्याच तृतीयपंथीयांवर धोकादायक असल्याचा शिक्का मारायचा का, आणि तज्ज्ञांचं मत घेऊन यायला सांगितलं. तज्ज्ञांवर सोडा हे मला मान्य आहे. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांनीच बदललं. फक्त त्या टेबलाभोवती थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक हवेत आणि आमच्यातलंही कुणीतरी हवं.

आणि नॅट. जोवर ती प्रत्येक पिशवीला होत नाही तोवर प्रश्नावली बदलायला सरकार कचरणार, आणि त्यात मी सरकारला सर्वस्वी दोष देणार नाही. त्या पैशाची मागणी आमच्या मोर्च्यांत व्हायला हवी, कारण त्याचा फायदा आधी रक्त घेणाऱ्याला आहे.

पण प्रश्न उद्या बदलले, तीन महिन्यांचा हिशेब आला, सगळ्यांना एकच फॉर्म झाला, तरी तो भरायचा कुठे? त्याच मांडवात, एकाच लांब टेबलावर, शेजारच्या काकांच्या कोपराला कोपर लावून, स्पीकरवर आरती चालू असताना? गुदसंभोगाच्या प्रश्नाला तिथे खरं उत्तर कोण देईल? पुरुष, बाई, कुणीही? उभी रेघच येईल. त्यामुळे मंडळांना आणि रक्तपेढ्यांना कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. एका टेबलाभोवती पडदा लावायचा, फॉर्म दात्याने स्वतः भरायचा, डॉक्टरने एकेकाला आत बोलवायचं. भेटवस्तूंच्या खर्चातून एवढं सहज निघेल.